परिस्थितीत बदल नाही

८ सप्टेंबर, सोमवार

युनियनचं पत्र आलं. आजपासून वरिष्ठांशी होणारं प्रत्येक बोलणं तारीख घालून लिहून ठेवा, पुढे तक्रार करावी लागली तर उपयोगी पडेल, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून ही वही. मला लिहायची सवय नाही. झालं तेवढंच लिहीन.

नवा हुकूम असा: २० ऑक्टोबरपासून सगळ्यांनी आठवड्यातले चार दिवस ऑफिसात यायचं. दारावर पास टेकवला की हजेरी लागते, आणि ती मोजली जाणार आहे. ज्यांना पूर्ण वेळ घरून कामाची सवलत आहे त्यांनी नवा फॉर्म १० ऑक्टोबरच्या आत भरायचा. जुन्या सवलती त्या दिवशी संपतील.

सकाळच्या बैठकीत आमची विभागप्रमुख ग्वेन हे पडद्यावरच्या चौदाही जणांना वाचून दाखवत होती. मग मिरेय बोलली. ऑफिस ऑटावात, ती नदीपलीकडे गॅटिनोला राहते.

“म्हणजे मी पूल ओलांडून दीड तासानं ऑफिसात पोचणार आणि तिथं बसून विनिपेगच्या माणसाशी कॅमेऱ्यावर बोलणार. मी नदीच्या कुठल्या काठावर बसलेय यानं विनिपेगला काय फरक पडतो गं?”

“एकत्र बसल्यानं सहकार्य वाढतं, असं लिहिलंय,” ग्वेन म्हणाली.

“कुणाशी सहकार्य? परवा माझ्या शेजारच्या खुर्चीत मत्स्यखात्याचा माणूस होता. तो मासे मोजतो, मी मेलेली माणसं मोजते. काय बोलणार आम्ही?”

सगळे हसले. मीही हसलो असेन.

सरकारी निवृत्तिवेतनधारक वारला की मागे राहिलेल्या माणसांचे अर्ज आमच्या विभागात येतात. मी सव्वीस वर्षं हेच काम करतो आहे.

माझी स्थिती लिहून ठेवतो. मला अडीच वर्षांपासून सवलत आहे. कारण, आजारी पत्नीची देखभाल. पत्नी २६ मार्चला वारली. ऑफिसात मी हे कळवलेलं नाही.

कळवायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. त्या आठवड्यात माझी साधी रजा होती. ४ एप्रिलला, अंत्यविधीनंतर चार दिवसांनी, संगणक उघडला तर सवलतीच्या वार्षिक नूतनीकरणाची चौकट समोर आली. ‘परिस्थितीत बदल आहे’ आणि ‘परिस्थितीत बदल नाही’. ती चौकट हटल्याशिवाय पुढचं काही उघडत नव्हतं. मी ‘बदल नाही’ दाबलं. चौकट गेली. मी कामाला लागलो.

त्यानंतर कुणी विचारलं, बायको कशी आहे, तर मी ‘तशीच आहे’ म्हणतो. हे खोटं आहे असं मला वाटत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

ग्वेनचा फोन. वेळ ११.२०, बोलणं सात मिनिटं.

तिनं बायकोची चौकशी केली नाही. एप्रिलपासून ती करत नाही. पूर्वी दर वेळी करायची, ती आणि माझी बायको दोघीही मॅनिटोबा प्रांतातल्या, डॉफिन गावाकडच्या म्हणून. यावरून मला वाटतं तिला संशय आहे.

थोडं इकडचं तिकडचं बोलली. तिच्या आईचं घर विकलं. तरी गावाकडचं साप्ताहिक ती अजून पोस्टानं मागवते. “आधी शेवटचं पान वाचते. कोण गेलं ते. आमच्याकडे सगळ्यांचं असंच,” म्हणाली.  मग म्हणाली, “ऑरेस्ट, नव्या फॉर्मबद्दल. तुझ्याकडे काही बदललं असलं तर लिहून पाठवू नकोस. आधी मला फोन कर. कधीही.”

“बरं.”

“मी कशाबद्दल बोलतेय कळतंय ना?”

“हो.”

लिहून पाठवू नकोस, म्हणजे माझ्याकडून आधी तोंडी काढून घ्यायचं आणि मग तिनं लिहायचं. असं मी ऐकलं आहे. युनियनच्या पत्रातही सावध राहा असं आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज ऑफिसात गेलो. नवी बसायची व्यवस्था बघायला सवलतवाल्यांनाही एकदा बोलावलं होतं. अडीच वर्षांनी गेलो. बस बदलली आहे, थांबाही.

माझं टेबल नाही. कुणाचंच नाही. सकाळी सहाला टेबलांची यादी उघडते, सव्वासहापर्यंत खिडकीकडच्या जागा संपतात. सत्तर माणसांना एकेचाळीस टेबलं. वस्तू ठेवायला शाळेत असतात तशी लोखंडी कपाटं. मिरेय मला फिरवत होती.

“ही बघ, म्हातारबुवा, सहकार्याची जागा.” दोन सोफे आणि एक प्लॅस्टिकचं झाड होतं. “इथं बसून आपण एकमेकांना ईमेल पाठवायचे.”

“तुझं टेबल कुठलं?”

“आज? संडासाजवळचं. उद्याचं उद्या कळेल.”

ती चौतीस वर्षांची आहे. वडिलांना जानेवारीत पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. ते तिच्याकडे राहतात. सकाळी दहाला एक बाई येते, बाराला जाते. त्यानंतर मिरेय शेजारच्या खोलीत बसून काम करते. तिनं सवलतीचा अर्ज केला आहे. आत्ता आठवड्यातले दोन दिवस येते, त्या दिवशी शेजारीण बघते. चार दिवस शेजारीण बघणार नाही.

निघताना तिनं पिशवीतून बरणी काढली. पिवळ्या वाटाण्याचं सूप.

“तुझ्या बायकोसाठी. बाबांना गिळायला सोपं जातं, तिलाही जाईल. कशी आहे ती?”

“तशीच आहे.”

“तशीच म्हणजे बरंच की. आमच्याकडे तशीच म्हटलं तर मी केक आणीन.”

घरी आल्यावर सूप ओट्यापाशी उभ्यानं खाल्लं. बरणी धुऊन ठेवली आहे. परत कशी द्यायची ते बघावं लागेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

फोनवर सू सेंट मरी गावचा एक गृहस्थ. बायको एप्रिलमध्ये वारली, यानं ऑगस्टपर्यंत कळवलं नाही. उशिरा कळवलं की कारण लिहून घ्यावं लागतं, त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

“कारण सांगा.”

“कळवणार होतो.”

“ते कारण होत नाही, साहेब. आजारपण, प्रवास, कागद न मिळणं, असं काही हवं.”

“कागद होता. टेबलावरच होता.”

“मग?”

“मग काय. टेबलावर होता.”

मी जरा कडक बोललो. चार महिने म्हणजे फार झाले, नियम सगळ्यांना सारखे असतात, असं म्हणालो. तो नुसता हो हो करत राहिला. शेवटी कारणाच्या रकान्यात मी ‘प्रवास’ लिहिलं आणि फाइल पुढे पाठवली. असं मी कधी करत नाही. दमलो होतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मिरेयचा अर्ज फेटाळला.

विभागाला सहाच सवलती ठरवून दिल्या आहेत. नूतनीकरणवाल्यांचा हक्क आधी. सहा जुने, सहा जागा, यादी बंद. एखादी जागा १० तारखेच्या आत रिकामी झाली तर तिचा पहिला नंबर.

दुपारी तिनं फोन केला. आधी सरळ बोलत होती.

“त्यांनी मला काय लिहिलंय माहितीये? ‘पर्यायी व्यवस्थेचा विचार करावा.’ पर्यायी व्यवस्था! बाबांना काय कपाटात ठेवू? ते शाळेतल्यासारखं कपाट मिळालंय ना मला, कुलूपसुद्धा आहे.”

“युनियनला सांगितलंस?”

“सांगितलं. तक्रार करा म्हणाले. निकाल लागेल अठरा महिन्यांनी. अठरा महिने बाबा दुपारी संडासला जाणार नाहीत, असं त्यांना सांगते.”

मग ती रडली. फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली, ते मला नीट कळलं नाही. मग म्हणाली, “त्या सहांपैकी एक जण आहे, दमा आहे म्हणे. परवा हॉकी खेळतानाचे फोटो टाकलेत त्यानं. त्याचा मला राग येतो. तुझा नाही हं, म्हातारबुवा. तुझी गरज खरी आहे. तुझी जागा दिली तरी मी घेणार नाही.”

मी म्हणालो, काहीतरी होईल.

फोन ठेवल्यावर बराच वेळ काम झालं नाही. हॉकीवाल्यानं असं करायला नको होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

मेहुणी स्टेफा हिचा डॉफिनहून फोन. परवा सहा महिने होतात. इथल्या चर्चमध्ये प्रार्थना सांगितली आहे का, विचारत होती. सांगितली आहे.

“ऑफिसातलं कोण येणार आहे?”

“कामाचा दिवस आहे, स्टेफा.”

“भाऊजी, तुम्ही त्यांना सांगितलंय ना?”

“सांगतो.”

“सांगतो काय? मी तेव्हाच पेपरात दिलं होतं, फोटोसकट. तुमचंही नाव आहे त्यात. अख्ख्या डॉफिनला माहितीये आणि तुमच्या ऑफिसला नाही?”

ऑटावात डॉफिनचं साप्ताहिक कोण वाचतं, असं मी तिला म्हणालो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

प्रार्थना झाली. मी, पाद्री आणि नेहमीच्या तीन बायका. वेदीपाशी फुलं होती, पांढरी शेवंती आणि गव्हाच्या ओंब्या. मी पाठवली नव्हती. कार्डावर सही नव्हती, ‘डॉफिनकडून’ एवढंच होतं. स्टेफाला विचारलं, तिनं पाठवलेली नाहीत. शाळेतल्या कुणा मैत्रिणींनी पाठवली असतील.

अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. कारण ‘वैयक्तिक’. ग्वेननं दोन मिनिटांत मंजूर केली. इतक्या लवकर ती कधी करत नाही. नजर ठेवून आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नवा फॉर्म उघडला. जुन्यात एक चौकट होती. यात चार पानं आहेत. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे असे मी जाहीर करतो, खोटी आढळल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल, ज्यात सेवेतून काढून टाकण्याचा समावेश आहे’. खाली सही.

युनियनच्या माल्कमला फोन केला. माझं नाव न सांगता, एका सहकाऱ्याबद्दल विचारतोय म्हणालो.

“त्या सहकाऱ्याला सांग, आता तोंड उघडू नको. नवा फॉर्म भरूच नको. सवलत आपोआप संपेल, तो गुपचूप ऑफिसात येऊ लागेल, एप्रिलचं कोण उकरून काढतंय?”

“आणि कुणी काढलंच तर?”

“तर मी त्याच्या शेजारी बसेन. पण नोकरी वाचेल असं सांगत नाही. किती वर्षं झाली त्याला?”

“सव्वीस.”

“तुझ्याएवढीच की,” माल्कम म्हणाला. मग म्हणाला, “जपून राहा.”

माल्कमचा मार्ग बरा आहे. काहीच न करणं मला जमतं. पण १० तारखेला संध्याकाळी सवलत संपली तर जागा वेळेत रिकामी झाली असं धरत नाहीत. यादी त्याआधी बंद झालेली असते. मी नियम दोनदा वाचला.

६ ऑक्टोबर, सोमवार

नियम तिसऱ्यांदा वाचला. तोच आहे.

सकाळच्या बैठकीत मिरेयनं कॅमेरा लावला नव्हता. मागे तिचे वडील ओरडत होते. तिनं आवाज बंद केला, पण जरा उशिरा केला.  ग्वेन पुढचा विषय वाचू लागली आणि मध्येच थांबली, ओळ हरवल्यासारखी.

बैठक संपल्यावर तिचा निरोप आला. ‘शुक्रवारपर्यंत थांबू नकोस. बुधवारी दहाला ये. समोरासमोर.’

आता काय ते कळलं. तिनं माझ्याविरुद्ध सगळं जमवलेलं दिसतं. मी जेवलो नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मला ऑफिसात जायचा त्रास नाही. बस आहे, डबा नेता येतो. सवलतीच्या यादीत माझ्या नावापुढे बायकोचं नाव आहे, ‘देखभाल चालू’ असं. ती यादी मी अधूनमधून उघडतो. बाकी सगळीकडून मी स्वतः तिचं नाव काढलं आहे, बँक, वाहनपरवाना, दवाखाना. ते मला येतं, माझं कामच ते आहे. ही एकच जागा उरली आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

वेळ १०.०० ते १०.५०. छोटी खोली, काचेच्या भिंतींची. ग्वेननं पडदे ओढले. माल्कमला मी बोलावलं नाही.

ती बसायच्या आत मी म्हणालो, “माझी बायको वारली.”

तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता ओरडेल. पण म्हणाली, “बस. बरं झालं बोललास.”

“एप्रिलमध्ये मी ‘बदल नाही’ दाबलं तेव्हा ती गेलेली होती.”

“सावकाश, ऑरेस्ट. मला हे लिहावं लागणार आहे.”

“लिही.”

“पहिलं वाक्य मी लिहितेय ते ऐक. ‘कर्मचाऱ्याने स्वतःहून कळवले.’” ती बोलत बोलत टाइप करत होती. “या एका वाक्यासाठी मी महिनाभर नखं खातेय. आधी दुसरं कुणी बोललं असतं तर हे लिहिता आलं नसतं. मी बोलले असते तरीसुद्धा.”

ते मला नीट कळलं नाही. मी विचारलं, “मिरेयला जागा मिळेल का?”

“आज बुधवार. यादी शुक्रवारी बंद होते. तू आत्ता सही केलीस तर मिळेल.”

मी सही केली. सवलत स्वेच्छेने परत, असा तो कागद होता. तो तिच्याजवळ तयारच होता, नावासकट. घाईत मला त्याचं काही वाटलं नाही.

“आणि माझी नोकरी?”

“लेखी ताकीद येईल, फाइलला लागेल. त्याच्या वर जाऊ नये म्हणून मी भांडेन. पण शब्द देत नाही, उगाच खोटं कशाला. वरचा नवीन आहे, त्याला नियम दाखवायची हौस आहे.” मग म्हणाली, “तारीख टाकावी लागेल.”

मी रोज फोनवर लोकांना हेच विचारतो. तोंड उघडलं, पण तारीख येईना. टेबलाच्या कडेची पट्टी निघाली होती, ती मी दाबून बसवत होतो, ती परत सुटत होती. मान वर केली तेव्हा रकाना भरलेला होता. २६ मार्च.

“दुखवट्याची रजा तू घेतलीच नाहीस,” ती संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली. “अजून मिळते. सात दिवस.”

“आता कशाला?”

“कशाला ते मला माहीत नाही. घे.” मग संगणक बंद करून म्हणाली, “एका नाताळच्या जेवणाला तिनं मला बटाटा भरलेल्या वारेनिकीचं पीठ कसं मळायचं ते दाखवलं होतं. इतक्या लोकांत मला म्हणाली, तू मॅनिटोबाची आणि हे असलं मळतेस? लाज नाही वाटत?”

“ती बोलायची तसं.”

“मी अजून चुकीचंच मळते,” ग्वेन म्हणाली आणि पडदे उघडायला उठली. बराच वेळ ती दोरीशी खटपट करत माझ्याकडे पाठ करून उभी होती.

बसमध्ये आठवलं, तारीख तिला कशी कळली. मी बोललो असेन. बोलल्याशिवाय कशी कळणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रजा. अंगणातली पानं गोळा केली, अकरा कागदी पिशव्या भरल्या. समोरच्या बाईंनी विचारलं, आज कामाच्या दिवशी घरी कसे? दुखवट्याची रजा आहे म्हणालो. त्यांनी माझ्या मागे घराच्या दाराकडे बघितलं, आत्ताच काही झाल्यासारखं. मी त्यांना समजावून सांगत बसलो नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ताकीद आली. एकच पान. दोन वर्षं फाइलमध्ये राहील. ‘कर्मचाऱ्याने स्वतःहून कळवले’ हे दुसऱ्या ओळीत आहे. काढून टाकण्याचं काही नाही.

मिरेयची सवलत मंजूर झाल्याचं सगळ्यांना कळवलं गेलं. जागा कुणी सोडली ते लिहिलेलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

सहाला टेबलांची यादी उघडली. सहा-दहाला मधल्या रांगेतलं टेबल मिळालं. साडेआठला पास टेकवला. दिवा हिरवा झाला.

सगळा मजला भरला होता. लोक खुर्च्या ओढत होते, वायर शोधत होते. एक जण उभा राहून फोनवर सांगत होता की तो ऑफिसात आहे, पण टेबल नाही, तर त्याची हजेरी धरायची का.

नऊला मिरेयचा कॉल, फक्त मला. पडद्यावर तिचं स्वयंपाकघर.

“म्हातारबुवा, तुझ्या मागे ते प्लॅस्टिकचं झाड का दिसतंय? तू ऑफिसात काय करतोयस?”

“आलोय.”

“आलोय काय? सवलत गेली तुझी? कुणी काढली? थांब, मी ग्वेनला…” ती थांबली. तिच्या लक्षात येत होतं. “माझी जागा. ती तुझी आहे का? ऑरेस्ट? मी म्हटलं होतं तुला, मी घेणार नाही म्हणून! मग तिच्याजवळ कोण आहे आत्ता?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही म्हणजे?”

“ती मार्चमध्ये वारली, मिरेय.”

 मी तिच्या रागावण्याची वाट बघत होतो. तिच्या मागून वडिलांनी हाक मारली, मग पुन्हा, जोरात. “आले, बाबा,” ती म्हणाली आणि मला म्हणाली, “ठेवू नकोस.” गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि ओट्यावर दोन कप. आतून पाण्याचा आवाज येत होता.

अकरा मिनिटांनी परत आली. बाह्या ओल्या होत्या. मी ठेवला नव्हता.

“मी तुझ्यावर चिडणार आहे,” ती म्हणाली. “पण आज नाही. आज सांग. कशी गेली?”

माझ्या एका हाताला कुणी पर्यावरण खात्याचा माणूस होता, दुसऱ्या हाताला एक नवी मुलगी. मी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि त्या दिवशीच्या पहाटेपासून सांगायला सुरुवात केली. सगळं सांगायला पाऊण तास लागला. सगळ्यांना ऐकू जात होतं. मी आवाज कमी केला नाही.